दोन फुटांचा ओटा

अशी कल्पना कर, की तुझी उंची तीन फूट दोन इंच आहे. खरोखरच तेवढी असेल तर तुझे कल्पनेचे कष्ट वाचले; नसेल तर जरा गुडघ्यांवर बस आणि घर बघ. टेबलावर काय ठेवलंय ते आता तुला दिसत नाही. टेबलाखाली कुणी काय चिकटवून ठेवलंय ते मात्र दिसतं. मोठी माणसं म्हणजे गुडघे, पिशव्या आणि वरून येणारे आवाज. आता तेवढ्याच उंचीने एका दुकानात शिर. आत गार वास येतोय, दुधाचा आणि वेलचीचा. सगळ्यांना काहीतरी दिसतंय आणि सगळे ‘अरे वा’ म्हणताहेत. तुझ्या नाकासमोर फक्त एक फळी आहे, आणि फळीत एक अर्धवट ठोकलेला खिळा. हे नीट डोळ्यांसमोर आण. या गोष्टीतली बाई चौतीस वर्षांची आहे, पाच फूट चार इंच उंच आहे, पण एवढी वर्षं झाली तरी ती त्या फळीसमोरून हललेली नाही. आणि तिला फार राग आला आहे.

तिचं नाव उज्वला. दुकानं आणि घरं आतून कशी असावीत ते कागदावर काढून द्यायचं, हा तिचा धंदा. त्या दिवशी सकाळी ती महाडच्या बाजारातल्या भरतच्या नव्या आईस्क्रीमच्या दुकानात शिरली ती मान वर करूनच, कारण चार दिवस ती पोलादपूरला एका स्वयंपाकघराच्या कामात अडकली होती आणि तेवढ्यात इथलं छत रंगवून झालं होतं. कच्च्या कैरीच्या आत कोयीजवळ असतो तसला फिकट रंग तिने महिनाभर हट्टाने शोधला होता. तो बघत ती तीन पावलं आत गेली आणि तिची उजवी नडगी एका कडेवर अशी आपटली, की डोळ्यांपुढे आधी पांढरं झालं आणि मग पाणी आलं. तिने खाली पाहिलं. जिथे काहीच नसायला हवं होतं तिथे ओटा होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दोन फूट उंच, सिमेंट अजून ओलसर काळं. आणि त्या ओट्यावर, मागे सरकवून, पुढे फूटभर कड मोकळी सोडून, मखरात बसवावा तसा तिचा फ्रीझर बसवला होता.

दुकान नऊ फूट बाय अकरा. एवढ्याशा जागेत लोक खुर्च्या कोंबतात, भिंतीवर चकचकीत फळांची चित्रं चिकटवतात आणि त्याला पार्लर म्हणतात. उज्वलाने एकही खुर्ची काढली नव्हती. एका भिंतीला नदीच्या घाटासारख्या तीन रुंद पायऱ्या, बसायलाही त्याच आणि झाकण उघडलं की आत सामान ठेवायलाही त्याच. फुटक्या रंगीत फरशांचे तुकडे जमिनीत असे बसवायचे, की कुणीतरी वरून बडीशेपेच्या गोळ्या उधळल्यात असं वाटावं. आरसा गोल, पण जमिनीपासून वीतभरच उंचीवर, म्हणजे मोठ्यांना त्यात स्वतःचे गुडघे दिसावेत आणि पोरांना आपलं तोंड. आणि फ्रीझर थेट जमिनीवर. तो तिने मुद्दाम बुटका निवडला होता, पुढची काच तिरकी, दीड फुटापासून तीन फुटांपर्यंत. बारा डबे, बारा रंग, आणि तीन फूट दोन इंचांच्या माणसाला न वाकता, कुणी उचलून न घेता सगळे एका नजरेत. वाकायचं ते मोठ्यांनी. भरतने मागे चाकांच्या स्टुलावर बसून आईस्क्रीम द्यायचं. नकाशावर ती हे सगळं काढत होती तेव्हा कित्येक वर्षांनी ती एकटीच हसली होती. आता नडगी हातात धरून ती वाकून उभी होती आणि डब्यांची जागा तिच्या खांद्याच्या उंचीला आली होती. काच सुरू होत होती साडेतीन फुटांवर.

धोंडू मिस्त्री बाहेर वाळूच्या ढिगाशेजारी बशीतून चहा पीत बसला होता. वय पासष्टच्या पुढे. महाडातली निम्मी दुकानं त्याच्या हाताखालून गेलेली.

“मिस्त्री, हे काय आहे?”

“ओटा हाय.”

“ते कळलं. पायाला कळलं. कुणी सांगितला बांधायला?”

“सांगायला कशाला पायजे?” मिस्त्रीने बशी खाली ठेवली. “महाडात दुकान नि ओटा नाय, असं कदी झालंय गो?”

“माझ्या कागदावर होता का?”

“नव्हता. म्हणून तर!” त्याचा आवाज एकदम मवाळ झाला. “म्हटलं, पोरगी इसरली. माणूसच हाय, इसरतं. भरतला पण म्हटलं, फोन करून बोलू नको, तिला वाईट वाटंल. बाहेरची असती तर बोललो असतो. ही आपल्या पोलादपूरची. आपण गुपचूप करून टाकू, नि चिऱ्याचे पैसे पण तिला सांगायचे नाय.”

रागालाही टेकायला भिंत लागते. समोर लबाड माणूस असता, आळशी असता, पैसे खाणारा असता, तर उज्वलाने त्याला तिथल्या तिथे उभा-आडवा फाडला असता. हा म्हातारा तिची चूक पोटात घालून, तिचं नाक राखून, चार दिवस उन्हात चिरे वाहत होता. तिचा सगळा नकाशा त्याने मायेने मारून टाकला होता. आणि त्याला तो नकाशा नीट वाचता येत होता, हे त्याहून वाईट. पायऱ्या अगदी तिच्या मापाच्या झाल्या होत्या. आरसा वीतभरच उंचीवर. त्याने सगळं ऐकलं होतं. फक्त जे काढलं नव्हतं ते त्याला मुद्दाम न काढलेलं वाटलं नाही, राहून गेलेलं वाटलं. ती गल्लीत जाऊन उभी राहिली. ऊन चढत होतं. तिने पहिल्यांदाच ही गल्ली मोजायला घेतली. चपलांचं दुकान, ओटा. मोबाइलवाला, ओटा. शिंप्याची दोन्ही मशिनं ओट्यावर आणि शिंपी टांगल्यासारखा वर बसलेला. पुराच्या वर्षानंतर सगळ्यांनी बांधले. सगळे दोन फूट. दोनच का? कारण चिऱ्याचे तीन थर आणि वर सिमेंट, की दोन फूट होतात. ती उंची पाण्याने ठरवली नव्हती, दगडाने ठरवली होती. पाणी तर पाट्यांवर चढलं होतं. वर्षभर पाट्यांवर त्याची मातकट रेघ होती आणि त्या रेघेखाली बसून लोकांनी तीन-तीन थर रचले, एकाचं बघून दुसऱ्याने, आणि आता कुणाला विचारावं तर म्हणतील, असतोच की ओटा. तिला त्या शिंप्याचा राग आला. त्याने तिचं काही केलं नव्हतं. तो वरून म्हणाला, “ताई, ऊन लागंल, आत व्हा.” त्याचा अजूनच राग आला.

भरत स्कूटरवर आला, पायांत थर्माकोलचा मोठा खोका धरून. तो तुडीलचा; पंधरा वर्षं मुंबईत एका आईस्क्रीमच्या गोदामात काढून गावाकडे परतलेला, चाळिशीचा, गुटगुटीत आणि कायम घाईत. “ट्रायलला माल आणलाय, ताई! फ्रीझर रात्रीपासून चालू हाय. एकदम चिल्ड!” तिचा चेहरा पाहून तो खोका घेऊन तसाच उभा राहिला.

“भरतदादा, पाणी कुठपर्यंत आलं होतं?”

त्याने हनुवटीनेच शटरच्या वरचा पत्र्याचा डबा दाखवला.

“आणि ओटा किती आहे?”

“दोन फूट.”

“मग उपयोग काय?”

“काय नाय,” भरत म्हणाला. तो आत जाऊन एकेक डबा फ्रीझरमध्ये लावू लागला, तिच्याकडे न बघता. “टोटल माहीत हाय मला. त्या टायमाला माझं कोल्डड्रिंकचं दुकान होतं, इथंच, मागच्या बाजूला. दोन फ्रीझर. दोन्ही तरंगले. एक छताला जाऊन टेकला, होडीसारखा. पाणी उतरलं तेव्हा उलटा होऊन काउंटरवर बसला. आतली कुल्फी बाहेर, बाहेरचा चिखल आत. ओट्यानं काय होणार? काहीच नाय होणार. पण फ्रीझर जमिनीवर बघितला ना, की मला तो तरंगतानाच दिसतो. मन बसत नाय. तुम्ही नकाशा दावलात तेव्हापासून दिसतोय. मी बोललो नाय.”

“बोलायचं होतंत!”

“तुम्ही किती खूश होतात तेव्हा.”

“तू तवा नव्हतीस, पोरी,” मिस्त्री बाहेरून म्हणाला. टोमणा नव्हता तो. नुसतं सांगितलं.

नव्हतीच. ती मुंबईला होती आणि फोनवर बघत होती. हा बाजार, ही गल्ली, कुणीतरी गच्चीवरून काढलेली, तपकिरी पाण्यातून एक निळा ड्रम शांतपणे वळण घेऊन जाताना. तिची आई पोलादपूरच्या वरच्या वाडीत, उंचावर. तिला काही झालं नव्हतं. त्यामुळे उज्वलाने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी कामाला गेली. हे तिला आता आठवायचं नव्हतं. ते आठवलं की बोलायचा हक्क निम्मा कमी होतो, आणि तिला तो पुरता हवा होता. तिने नडगीवरून हात फिरवला. टेंगूळ आलं होतं, लिंबाएवढं. राग कशाचा आहे हे तिला माहीत होतं. तिने उगाच ओट्यावर काढला, पाण्यावर काढला. राग त्या खिळ्याचा होता. सहा वर्षांची असेल ती. आईच्या डोळ्यांच्या औषधासाठी दोघी वाडीवरून अडीच तास उतरून, मग एसटीने महाडला आल्या होत्या. औषध घेऊन बारा रुपये उरले आणि आई कधी नव्हे ते म्हणाली, “चल, तुला थंड खायला घालते.” दुकान याच बाजारात कुठेतरी. फळी, फळीवर लाकडासारख्या रेघा छापलेला कागद, एक खिळा. वर कुणीतरी कुणालातरी सांगत होतं, गुलाबी दे, हिरवं दे, ते काजूवालं दे. हिरवं? हिरवं पण असतं? ती टाचा उचलून उभी राहिली, मग उडी मारून बघितली, तर एक पांढरा दिवा दिसला. “कुठलं?” वरून आवाज आला. आणि आई म्हणाली, “कुठलं बी द्या.” हात खाली आला, कोन खाली आला, पांढरा. थंड होता, गोड होता, तिने सगळा खाल्ला आणि शेवटचं टोक दाताखाली कुरकुरलं तेव्हा तिला रडू आलं. आईला वाटलं, संपला म्हणून.

कुठलं बी द्या. आई हे कपड्याच्या दुकानात म्हणाली. सरकारी दवाखान्यात म्हणाली, डॉक्टरने दोन गोळ्यांची नावं सांगितली तेव्हा. शाळेत मास्तरांनी विचारलं, पोरीला कुठल्या तुकडीत घालू, तेव्हा म्हणाली. वाडीतले सगळेच म्हणायचे. खाली उतरलं की म्हणायचे. वर डोंगरात तीच माणसं भाताच्या बियाण्यावरून तासतास भांडत, हे नको, हे पोचट आहे, वरंधच्या पाहुण्यांकडचं आण. मूठभर दाणे तळहातावर पसरून बोटाने एकेक बाजूला काढत. पण बाजारात फळीपुढे उभी राहिली की त्यांची जीभ आपोआप तेच बोलायची. उज्वलाने आईला यासाठी कधी क्षमा केली नाही, आणि मग मुंबईत एका मोठ्या ऑफिसात तिला विचारलं, तुम्हाला कुठलं काम आवडेल, तेव्हा ती स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाली, कोणतंही चालेल. आठ वर्षं तिने मॉलमधल्या संडासांचे नकाशे काढले. दारं कुठे उघडतात, आरसा कुठे, हात वाळवायचं यंत्र किती उंचीवर. चांगले काढले. कुणी विचारलंच नाही पुन्हा. आणि मुंबईहून परतल्यावर मिळालेलं पहिलं असं काम, ज्यात तिला हवं ते करता येणार होतं, त्यात तिने एकच गोष्ट मागितली होती: वाडीवरून, नाते गावाहून, कुठूनही आलेल्या पोराला आधी दिसू दे. मग बोलू दे. बाकी छताचा रंगसुद्धा गेला तरी चालेल.

भरतने शेवटचा डबा लावून काच सरकवली. “हे बघा ताई. टाइलवाला एक वाजता येणार. एकदा ओट्याला टाइल लागली की विषय खतम. तोवर तुम्ही बोला. तुम्ही म्हणाल फोडा, तर फोडू. परवाचा अक्षय तृतीयेचा मुहूर्त जाईल, जाऊ दे. पण फ्रीझर खाली बसवलात, तर पावसाचे चार महिने मी हितं येऊन झोपणार, पाणी बघत. ते तुमच्यावर.”

हे काय बोलणं झालं! चिडला असता, अडून बसला असता, तर तीही अडून बसली असती. त्याने सगळं तिच्या हातात ठेवलं आणि वर स्वतःची भीतीही ठेवली, प्रसादासारखी. ती घाटासारख्या पायरीवर बसली. गुडघे समोरच्या गोल आरशात दिसत होते, फक्त गुडघे, आणि उजव्या नडगीवरचं टेंगूळ. साडेबारा झाले होते.

वाळूत मिस्त्रीची नात खेळत होती, सेजल. पाच-सहा वर्षांची, शाळेला सुट्टी लागल्यापासून आजोबांच्या मागे मागे कामावर यायची. हातांना कोपरापर्यंत वाळू, फ्रॉकच्या खिशात चिऱ्याचे लाल खडे. उज्वलाची आणि तिची ओळख एवढीच, की एकदा ती तिच्या टेपचं एक टोक धरून उभी राहिली होती आणि सोडायला तयार नव्हती.

“ये गो सेजल!” भरतला शांतता सहन होत नव्हती. तो स्कूप पाण्यात बुडवून ओट्यावर चढला. “पयलं गिऱ्हाईक तू. बोल, काय देऊ?”

सेजल हात झटकत आत आली आणि ओट्यासमोर उभी राहिली. तिच्या पोटापुढे ओलं सिमेंट होतं आणि नाकापुढे फ्रीझरचा पत्रा. तिने मान मागे टाकली, पण तिथून तिला काचेची खालची कड आणि भरतची हनुवटी दिसत असणार, दुसरं काही नाही.

“सांग ना. मँगो हाय, पिस्ता हाय, काळी जांभळं टाकलेलं एक नवीन हाय...”

सेजल टाचा उचलून उभी राहिली.

“अरे दे कुठलं बी,” मिस्त्री कौतुकाने म्हणाला. “पोरांना काय, गोड झालं म्हंजे झालं.”

“कुठलं बी नाही!”

आपण ओरडलो हे उज्वलाला गल्लीतला शिंपी मशीन थांबवून वाकून बघू लागला तेव्हा कळलं. ती उभी होती. “कुठलं बी म्हणायचं नाही! तुम्ही कोण तिच्यासाठी कुठलं बी म्हणणारे? तिला दिसतंय का काही? उभे राहा इथे खाली, वाका, बघा काय दिसतं ते! दगड दिसतो. जन्मभर तुम्ही दगड बघितलात आणि कुठलं बी, कुठलं बी करत आलात, आणि आता तिच्यापुढे पण दगडच रचून ठेवलात, माझी चूक झाकायला! मी विसरले नव्हते, मिस्त्री. मी विसरले नव्हते. मी मुद्दाम काढला नव्हता ओटा!” आवाज फाटला. मिस्त्रीचा हात टोपीकडे गेला आणि तिथेच राहिला. पासष्ट वर्षांच्या माणसावर, भर गल्लीत, त्याच्या नातीसमोर. हे चुकलं, हे तिला बोलताबोलताच कळत होतं आणि थांबता येत नव्हतं. “फोडा,” ती म्हणाली. “आत्ता फोडा. टाइलवाला यायच्या आत.”

भरतने स्कूप खाली ठेवला. मग मिस्त्री उठला, पिशवीतून छन्नी आणि हातोडा काढला, आणि खाली मान घालून आत येत म्हणाला, “फ्रीझर उतरवायला चार माणसं लागतील. तोवर कड तरी पाडून घेतो. बाजूला हो गो, बाय.”

सेजल बाजूला झाली नाही. तिने आधी उज्वलाकडे पाहिलं, मग आजोबांच्या हातातल्या हातोड्याकडे. मग ती ओट्याच्या कडेवर पोटावर पालथी पडली, एक गुडघा वर घेतला, दुसरा घेतला, आणि फ्रीझरपुढच्या त्या फूटभर कडेवर उभी राहिली. कुणी उचलून न घेता काच बरोबर तिच्या तोंडासमोर आली. दोन्ही वाळूचे हात काचेला लावून ती डाव्या भिंतीपासून सुरू झाली आणि खेकड्यासारखी सरकत एकेका डब्यापुढे थांबत उजव्या भिंतीपर्यंत गेली. बारा डबे. वाफेवर हातांचे चौदा-पंधरा ठसे उमटले. तिला कुणी घाई केली नाही. बाहेर टाइलवाल्याच्या टेम्पोने हॉर्न दिला, दोनदा, तरी कुणी वळलं नाही.

“आता सांग,” भरत हळूच म्हणाला. “कुठलं?”

“बघितलं सगळं. यातलं कुठलंच नको,” सेजल म्हणाली.

ती वळली. पाठ काचेला लावून तिने खाली पाहिलं. खाली रंगीत तुकड्यांची जमीन होती, छन्नी घेतलेले आजोबा होते, आणि लाल डोळ्यांची बाई. “सरक ना,” ती उज्वलाला म्हणाली, आणि उज्वला सरकली. मग सेजलने गुडघे वाकवले, दोन्ही हात मागे नेले आणि दोन फुटांवरून धाडकन उडी मारली. पडली, उठली, खिशातले खडे सांडले तिकडे बघितलंही नाही, आणि मिस्त्रीच्या हातोड्याखालून वाकून पुन्हा वर चढू लागली.